जैवसुरक्षेची फेलोशिप: तालुक्याच्या लॅबमधून अर्ज कसा लिहायचा

"ताई, आमच्या लॅबमधे तं काहीच नाही. एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज अन् एक जुना ऑटोक्लेव्ह. अर्जात लिहू काय?"

फोन दारव्ह्याहून येवो, मेहकरहून येवो की अहेरीहून, पहिला प्रश्न हाच असतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. तिथूनच अर्ज केला, फेलोशिप पूर्ण केली आणि आता नागपुरात जैवसुरक्षेचंच, म्हणजे लॅबमधल्या जंतूंची लागण कोणाला होऊ नये याचं, काम करते. आपल्या भागातल्या मुलामुलींचे अर्ज पाठवायच्या आधी वाचून देते. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

तुम्ही ज्याला 'काहीच नाही' म्हणता, अर्ज त्याच्यावरच उभा राहतो. निवड करणाऱ्यांना तुमच्या लॅबमध्ये किती लाखांची मशीन आहे हे पाहायचं नसतं. समोर असलेला धोका तुम्हाला दिसतो का, तो मोजता येतो का, आणि हाताशी आहे तेवढ्यात तुम्ही तो कमी करून दाखवलात का, हे त्यांना पाहायचं असतं. ही संधी तालुक्याच्या लॅबमध्ये रोज मिळते.

आधी फेलोशिप कशाची ते समजून घ्या

ही पीएचडीची फेलोशिप नव्हे. साधारण एक-दोन वर्षं विद्यावेतन देऊन तुम्हाला जैवसुरक्षेच्या कामात तयार करतात. प्रयोगशाळेची पाहणी करणं, धोक्याचं मूल्यांकन लिहिणं, बायोसेफ्टी कॅबिनेट (नमुना आणि माणूस दोघांना सांभाळणारी, हवेचा प्रवाह असलेली पेटी) आणि ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) तपासून घेणं, कचऱ्याची विल्हेवाट नीट लागते का ते पाहणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, आणि अपघात झाला तर तो कसा झाला याचा शोध घेणं, असं हे काम आहे. तुमच्या नावावर शोधनिबंध नाहीत म्हणून मागे हटू नका. सुई टोचलेल्या शिपायाला किंवा सफाई करणाऱ्या मावशींना शांतपणे समजावून सांगता येणं इथे जास्त मोलाचं आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानवाल्यांसाठीच हे आहे असा एक समज आहे. पशुवैद्यक, एमबीबीएस, अनुभव असलेले डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका घेतलेले), इतकंच काय, हवेचा दाब आणि वातानुकूलन समजणारे इंजिनिअरसुद्धा या क्षेत्रात लागतात. बीएसएल-३, म्हणजे तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या, लॅबमध्ये हवा बाहेरून आत वाहती ठेवणं हे इंजिनिअरचंच काम आहे.

पात्रतेची ओळ मात्र सगळ्यात आधी वाचा. अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळांच्या बऱ्याच फेलोशिप त्यांचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच खुल्या असतात. ती ओळ शेवटच्या पानावर असते आणि मुलं महिनाभर निबंध लिहून झाल्यावर तिथे पोहोचतात. काही ठिकाणी नोकरीत असण्याची अट असते, काही ठिकाणी वयाची, काही ठिकाणी संस्थेनेच नाव सुचवावं लागतं. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ बायोसेफ्टी असोसिएशन्स, म्हणजे आयएफबीए, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र असलं तर अर्जाला बळ येतं, नसलं तरी अर्ज अडत नाही.

सहा महिने आधी सुरू करायची गोष्ट

सुरुवात फॉर्मपासून करू नका, दंडात घ्यायच्या इंजेक्शनपासून करा. हेपॅटायटिस-बीची लस तीन डोसांत होते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातलं अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) तपासतात आणि ते १० च्या वर आलं तर संरक्षण आहे असं मानतात. रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या माणसाकडे लसीकरणाची नोंद जवळपास प्रत्येक ठिकाणी मागतात. निवड झाल्यावर सहा महिने कोणी थांबत नाही. आपल्याकडे पाच-पाच वर्षं रक्त काढणारे लोक आहेत ज्यांचा दुसरा डोस कधी झालाच नाही. लस घ्या, कार्डावर तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. हे फेलोशिपसाठी नसलं तरी करायलाच हवं.

याच काळात वाचनही करा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा जैवसुरक्षा पुस्तिका, चौथी आवृत्ती, २०२० साली आली आणि ती मोफत उतरवून घेता येते. तिच्या जोडीला सात छोटी पुस्तकं आहेत. त्यातली धोका-मूल्यांकनाची आणि निर्जंतुकीकरण व कचरा व्यवस्थापनाची ही दोन आधी वाचा, बाकीची नंतर. आपल्या देशातले जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६, हे तर पाठच हवेत, कारण तुमची लॅब रोज त्याखाली येते. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं चाळून ठेवा. सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे, काही ऑनलाइन कोर्स मोफत आहेत. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये सुरक्षित काम कसं करायचं हा त्यातला छोटासा कोर्स जरूर करा. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेलात की पीडीएफ उतरवून घ्या आणि घरी वाचा. मी तसंच केलं.

आपल्याच लॅबचं धोका-मूल्यांकन लिहा

अर्जाचा जीव यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

चौथ्या आवृत्तीत एक मोठा बदल आहे. पूर्वी जंतूचं नाव घेतलं की त्याचा धोक्याचा गट आणि गटावरून लॅबची पातळी असा सरळ हिशेब बरेच जण करायचे. आता विचारतात की तुम्ही त्या नमुन्याचं करता काय? विदर्भातलं उदाहरण घ्या. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे (झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे) बरेच रुग्ण सापडले. त्या रुग्णाच्या सीरमवर एलायझा (प्रतिपिंडं शोधायची चाचणी) करणं आणि त्याच रुग्णाच्या रक्तातला जंतू पेशींमध्ये वाढवणं, या दोन कामांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिलं काम चांगल्या शिस्तीच्या साध्या लॅबमध्ये होतं, दुसऱ्याला बीएसएल-३ लागते. क्षयाचंही तसंच. थुंकीची थेट स्लाइड करणं किंवा ट्रूनॅटला (क्षयाचा जंतू शोधणाऱ्या यंत्राला) नमुना लावणं हे कमी धोक्याचं, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी, थुंकीवर प्रक्रिया करणं मध्यम, आणि वाढलेलं कल्चर हाताळणं सगळ्यात धोक्याचं.

हे डोक्यात ठेवून तुमच्या टेबलावरचं एकच काम निवडा. पुस्तिकेतल्या पाच पायऱ्या घ्या: माहिती गोळा करा, धोका तोला, तो कमी करायचं धोरण ठरवा, उपाय निवडून अमलात आणा, आणि काही दिवसांनी परत तपासा. दोन पानांत लिहा. मशीन घेता आली असती तर काय केलं असतं यावर एक ओळ पुरे. जे केलं त्यावर पानभर लिहा.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका मुलीने निवडलेलं काम सांगते, कारण ते मला फार आवडलं होतं. तिच्या लॅबमध्ये हायपोक्लोराइटचे (क्लोरीनच्या जंतुनाशकाचे) कॅन मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचे. आपल्याकडचा मे महिना, वरून पत्रा, दुपारी आत पाय ठेववत नाही. ऊन आणि उष्णता लागली की हायपोक्लोराइटमधला क्लोरीन उडत जातो. वास येतो, रंगही तोच दिसतो, ताकद मात्र राहत नाही. कॅनवर ५ टक्के छापलेलं असतं, त्यावर विसंबून एकाला चार भाग पाणी घालून १ टक्क्याचं द्रावण करायचं, आणि प्रत्यक्षात त्यात किती क्लोरीन उरला ते कोणालाच ठाऊक नाही. सांडलेल्या रक्तावर तेच ओतायचं, टिप्सच्या बादलीत तेच.

तिने काय केलं? कॅन आतल्या खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीला, फरशीवर हलवले. प्रत्येक कॅनवर मार्करने उघडल्याची तारीख टाकली. द्रावण रोज सकाळी ताजं करायचं आणि संध्याकाळी उरलेलं टाकून द्यायचं असं ठरवलं. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या वैद्यकीय अधीक्षकांकडून मागवून घेतल्या. त्या शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी तिला दोनदा पत्र द्यावं लागलं, त्या पत्रांच्या जावक क्रमांकासह तिने तेही लिहिलं. पट्टीचा रोजचा आकडा रजिस्टरला चढवला. दोन महिन्यांनी रजिस्टर उघडून पाहिलं तर जुन्या साठ्याचे आकडे कमी आणि नव्याचे ठीक. मग साठा एकदम वर्षभराचा न घेता तीन महिन्यांचा मागवायला सुरुवात झाली. पाचही पायऱ्या झाल्या. मशीन एकही नाही.

हे काम किरकोळ वाटत असेल तर चीनमधल्या लान्झोऊची गोष्ट वाचा. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या ब्रुसेला (जनावरं गाभडवणारा, माणसालाही लागणारा जंतू) लसीच्या कारखान्यात बाहेर जाणाऱ्या हवेसाठी मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. जिवंत जंतू वाऱ्यावर गेले आणि आसपासच्या १०,००० पेक्षा जास्त लोकांच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. ती मुलगी पत्र्याच्या खोलीत जे तपासत होती, तेच तिथे कोणी तपासलं नव्हतं. तिने मुलाखतीत हा दुवा स्वतः जोडला.

तुमच्याकडे दुसरं काही असेल. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला की काय करता? मशीन बंद करून झाकण न उघडता अर्धा तास थांबायचं असतं, तेवढ्यात हवेतले थेंब खाली बसतात. तुमच्या लॅबमध्ये ते लिहून लावलं आहे का? थुंकी द्यायला रुग्णाला कुठे पाठवता, मोकळ्या अंगणात की बंद बाथरूममध्ये? सुई कापायचं यंत्र भरलं की ते कोण रिकामं करतं आणि त्याच्या हातात कोणते हातमोजे असतात? पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करत असाल तर गाभडलेल्या गाईची वार आणि स्राव कसे हाताळता? ब्रुसेलोसिस हा प्रयोगशाळेत माणसाला लागणाऱ्या सर्वात नेहमीच्या संसर्गांपैकी आहे, आणि गोठ्यातही तोच धोका आहे. यातलं एक घ्या आणि शेवटपर्यंत न्या.

उद्देशपत्र

आलेल्या मसुद्यांपैकी बहुतेकांची सुरुवात अशी असते: "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे. कोविड महामारीने जैवसुरक्षेचं महत्त्व जगाला पटवून दिलं." ही दोन वाक्यं कोणीही, कुठेही बसून लिहू शकतो, त्यामुळे ती काढून टाका. पहिल्या चार ओळींत तुम्ही कुठे काम करता, दिवसाला साधारण किती आणि कोणते नमुने येतात, आणि कोणता धोका तुम्हाला खटकला एवढं आलं पाहिजे.

गाव आणि जिल्हा लिहायला लाजू नका. विदर्भ या विषयाला नवा नाही. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला गेला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. पुण्याच्या विषाणू केंद्राने, आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने), ते काम केलं होतं. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूने २००३ साली आंध्रात अनेक मुलांचे जीव घेतले, २००७ साली आपल्या नागपूर विभागात मेंदूज्वराचा उद्रेक झाला, २०२४ साली गुजरातमध्ये तो पुन्हा आला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि जंगल जिथे रोज एकमेकांना भेटतात त्या भागात तुम्ही काम करता. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अनोळखी तापाचा पहिला नमुना ज्याच्या हातात येतो, त्याचं प्रशिक्षण झालेलं असावं, हे निवड समितीला पटवणं सोपं आहे. फक्त ते तुमच्या कामाला जोडून लिहा. चांदीपुराचा इतिहास पानभर सांगून शेवटी 'म्हणून मला फेलोशिप द्या' असं नको.

भाषेबद्दल. अर्ज बहुधा इंग्रजीत मागतात. आधी सगळं मराठीत लिहा, जसं सहकाऱ्याला सांगाल तसं. काय केलं हे मराठीत पक्कं झालं की इंग्रजी साधी ठेवली तरी चालते. 'मी तारीख लिहिली, मी रोज तपासलं, आकडा वाढला' असली छोटी वाक्यं समितीला आवडतात. मोबाइलवर तयार होणारा गुळगुळीत मजकूर मी वाचला आहे. त्यात सगळं बरोबर असतं आणि तुम्ही कुठेच नसता. मुलाखतीत त्यातलाच एखादा शब्द विचारला की मुलं अडकतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. जे उपकरण आहे त्याचं नाव बरोबर लिहा. लॅमिनार एअरफ्लोला बायोसेफ्टी कॅबिनेट म्हणू नका. आपल्या कॉलेजांच्या आणि खासगी लॅबच्या यादीत ही गल्लत सर्रास दिसते आणि जाणकार माणूस तिथेच पेन खाली ठेवतो. लॅमिनारमध्ये गाळलेली हवा तुमच्या नमुन्यावरून सरळ तुमच्या तोंडाकडे येते. तिथे नमुना स्वच्छ राहतो, काम करणारा मात्र उघडा पडतो. क्लास-२ कॅबिनेटमध्ये समोरच्या फटीतून हवा आत ओढली जाते, म्हणून नमुना आणि माणूस दोघंही सांभाळले जातात. ओळखायचं असेल तर टिश्यू पेपरची पातळ पट्टी समोरच्या उघड्या भागापाशी धरा. आत ओढली गेली तर कॅबिनेट, तुमच्याकडे फडफडली तर लॅमिनार. तुमच्या लॅबमध्ये लॅमिनारखाली थुंकी किंवा रोगजंतूंचं कल्चर हाताळत असतील, तर हा शोध अर्जात तर लिहाच, पण आधी उद्या सकाळी ते काम थांबवा आणि वरिष्ठांना लेखी कळवा.

अडचणी लिहिताना कोणाला दोष देऊ नका. 'प्रशासन लक्ष देत नाही' याऐवजी 'ऑटोक्लेव्हची पडताळणी जैविक पट्टीने होत नव्हती, मी ती महिन्यातून एकदा सुरू करून घेतली' असं लिहा. नियमांत कचऱ्याच्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश, १५ पौंड दाब आणि किमान ६० मिनिटं हा एक पर्याय दिला आहे. तुमचं यंत्र प्रत्यक्षात किती मिनिटं चालतं आणि वीज गेली तर ते चक्र पहिल्यापासून परत घेता का, हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस यंत्रासमोर उभा राहिलेला आहे.

शिफारसपत्रं

मोठ्या पदाच्या माणसाचं कोरडं पत्र आणि लहान पदाच्या माणसाचं भरलेलं पत्र यात मी दुसरं घेईन. सिव्हिल सर्जनने तुम्हाला वर्षातून एकदा पाहिलं असेल. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तुम्हाला रात्री दोनला सर्पदंशाच्या रुग्णाचं रक्त तपासताना पाहिलंय. एक पत्र त्यांचं घ्या, दुसरं शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं.

महिनाभर आधी जाऊन भेटा. फोनवर मागू नका. जाताना एक पान घेऊन जा: फेलोशिप कशाची, शेवटची तारीख कोणती, आणि तुमची तीन कामं जी त्यांनी स्वतः पाहिली आहेत. साहेब म्हणतील, "तूच लिहून आण बाई, मी सही करतो." तेव्हा नम्रपणे सांगा, "सर, मुद्दे मी दिले आहेत, पण तुम्ही जे पाहिलंत ते तुमच्या शब्दांत आलं तर बरं होईल." बहुतेक जण ऐकतात. ऐकलं नाही तर शेजारी बसून त्यांच्याकडून एक-दोन प्रसंग तरी काढून घ्या. हल्ली पत्र अपलोड करायची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. म्हणून ईमेल कोणता देताय, तो ते उघडतात का, हे विचारून घ्या आणि लिंक गेली त्याच दिवशी फोन करा.

कागदपत्रं आणि एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र)

इथे वेळ जातो, डोकं नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर एका ठिकाणी आडनाव बदललेलं. आपल्याकडच्या मुलींचे अर्ज यात फार अडकतात. एकच नाव ठरवा, पासपोर्टवरचं, आणि अर्जभर तेच चालवा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट हवी असेल तर अमरावती असो की नागपूर, शेवटच्या पंधरवड्यात मागायला जाऊ नका.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात ११ महिन्यांच्या करारावर असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आधी टाका, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. करार कधी संपतो आणि फेलोशिप कधी सुरू होते हे एका कागदावर मांडून मगच अधिकाऱ्यांशी बोला. घरच्यांशीही लवकर बोला. पुण्याला किंवा भोपाळला वर्षभर राहायचं म्हटलं की आई-बाबांना काळजी वाटते, आणि "जंतूंच्या लॅबमधे काहून जातं?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना सांगा की तिथे जंतूंपासून वाचायचं शिकवतात. आमच्या घरी एवढं पुरलं होतं.

मुलाखत

ऑनलाइन असेल तर गावात घेऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी ज्याच्याकडे इन्व्हर्टर आणि फायबर दोन्ही आहे अशा ओळखीच्याकडे जा. शेतात फवारणीचा हंगाम असेल तर घरी रेंजपेक्षा लोकांची ये-जा जास्त त्रास देते.

प्रश्न प्रसंगाचे असतात. रक्ताची नळी खाली पडून फुटली, काय कराल? क्रम तोंडपाठ असू द्या: लोकांना बाजूला करा, हातमोजे घाला, शोषून घेणारा कागद किंवा कापड टाका, बाहेरून आत असं जंतुनाशक ओता, ठरलेला वेळ थांबा, काच चिमट्याने उचला, नोंद करा. सुई टोचली तर? साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, जखम पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तुमच्या रुग्णालयात ही औषधं कोणत्या कपाटात असतात आणि रात्री किल्ली कोणाकडे असते हे सांगितलंत तर समोरचा माणूस लिहून घेतो.

आपल्याकडच्या मुलांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न: कॅबिनेटमध्ये काम करताना वीज गेली तर? पंखा थांबला की समोरचं हवेचं संरक्षण संपतं. हात न झटकता नळ्यांना झाकणं लावा, काहीही बाहेर काढू नका, हातमोजे आतच उतरवा, काच खाली घ्या, खोलीतून बाहेर या. वीज आली तरी लगेच बसू नका, पंखा काही मिनिटं चालू द्या आणि मगच सुरू करा. लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाला हे उत्तर पाठ करावं लागत नाही, फक्त क्रमाने सांगायची सवय लावावी लागते. मैत्रिणीला समोर बसवून सांगून पाहा.

आणि 'तुमच्या लॅबमध्ये बीएसएल-३ नाही, मग इथे शिकून परत जाऊन काय करणार?' हा प्रश्न आला तर बिचकू नका. परत जाऊन काय करणार ते ठरवूनच जा. तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टेक्निशियनना वर्षातून दोन वेळा एकत्र बसवून शिकवणं, नमुने जिल्ह्याला पाठवताना तिहेरी पॅकिंग नीट होतंय ना हे पाहणं, सफाई कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची यादी पूर्ण करणं, असं एखादं काम सांगा जे तुमच्या आवाक्यात आहे.

निवड झाली तर

होकार देण्याआधी लेखी विचारा: विद्यावेतन महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला, राहायची सोय आहे की भत्ता, अपघात विमा आहे का, काम करताना संसर्ग झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा, नंतर तिथेच नोकरी करायची अट आहे का, आणि मधेच सोडावं लागलं तर पैसे परत करावे लागतात का. हे विचारल्याने निवड जात नाही. जैवसुरक्षा शिकवणाऱ्या संस्थेला स्वतःच्या माणसाच्या विम्याबद्दल विचारलं तर तिला ते आवडायलाच हवं. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको, आणि एनओसीसोबत त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.